डॉक्टर घडवण्याचा खर्च कोणी करायचा?

विज्ञानाच्या इतिहासात शोधांच्या हकिकती पुष्कळ सांगितल्या जातात, पण ते विज्ञान शिकवणाऱ्या संस्थांचे जमाखर्च सहसा कोणी उघडून पाहत नाही. वैद्यकीय महाविद्यालयांचे जमाखर्च तर मुद्दाम पाहण्याजोगे असतात, कारण तेथे एका आवारात दोन संसार चालतात. रुग्णालयाला खाटा, औषधे, परिचारिका हव्यात. महाविद्यालयाला प्रयोगशाळा, शवविच्छेदनाची सोय आणि शिक्षक हवेत. गरीब रोगी पैसे देऊ शकत नाही, विद्यार्थ्यांची फी पुरत नाही, आणि शिकवणारा निष्णात डॉक्टर बाहेर व्यवसाय करून पगाराच्या कितीतरी पट मिळवू शकतो. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात १८७३ ते १९१३ या चाळीस वर्षांत हा मेळ घालण्याचे जे प्रयत्न झाले, ते आपण पाहू.

त्याआधीची स्थिती अशी होती. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत बहुतेक वैद्यकीय शाळा म्हणजे काही डॉक्टरांनी भागीदारीत चालवलेला धंदाच होता. विद्यार्थी प्रत्येक प्राध्यापकाच्या व्याख्यानांचे तिकीट विकत घेई, आणि जमलेली रक्कम प्राध्यापक आपसांत वाटून घेत. सुमारे चार-चार महिन्यांची दोन सत्रे असत. दुसऱ्या सत्रात पहिल्या सत्रातीलच व्याख्याने पुन्हा ऐकायची! रोग्याला हात न लावताही पदवी मिळू शके. यात प्राध्यापक वाईट होते असे नाही. विद्यार्थी नापास केला किंवा प्रवेशाची अट कडक केली, की त्यांच्याच खिशाला चाट बसे. हार्वर्डमध्ये अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८७१ च्या सुमारास फी विद्यापीठाच्या तिजोरीत जमा करून प्राध्यापकांना ठरीव वेतन द्यायला सुरुवात केली. लेखी परीक्षेचीही कल्पना निघाली, तेव्हा शस्त्रक्रियेचे प्राध्यापक बिगेलो यांचे म्हणणे पडले की निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांना नीट लिहिताच येत नाही.

बाल्टिमोरमधील जॉन्स हॉपकिन्स हे अविवाहित व्यापारी १८७३ मध्ये वारले. किराणा मालाच्या व्यापारातून सुरुवात करून पुढे त्यांनी बाल्टिमोर अँड ओहायो या रेल्वे कंपनीत मोठी गुंतवणूक केली होती. त्यांनी सुमारे ७० लाख डॉलर ठेवले, निम्मे विद्यापीठासाठी आणि निम्मे रुग्णालयासाठी. विश्वस्तांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी दोन गोष्टी स्पष्ट केल्या होत्या. गरीब रोग्यांना स्त्री-पुरुष, वय किंवा वर्ण न पाहता मोफत दाखल करावे. आणि हे रुग्णालय पुढे विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेचा भाग व्हावे. रुग्णालय आणि शाळा यांची अशी सांगड आधीच घालून ठेवणे त्या काळी अमेरिकेत नवीन होते.

रुग्णालयाच्या विश्वस्तांनी मूळ रकमेला हात न लावता केवळ उत्पन्नातून बांधकाम केले. त्याला बारा वर्षे लागली आणि रुग्णालय १८८९ मध्ये उघडले. विद्यापीठाची गोष्ट वेगळी. त्याचा निधी बहुतांशी एकाच रेल्वे कंपनीच्या शेअरमध्ये होता. १८८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कंपनीने लाभांश देणे थांबवले आणि विद्यापीठाचे उत्पन्न आटले. रुग्णालय उभे, विल्यम वेल्च आणि विल्यम ऑस्लर यांच्यासारखे प्राध्यापक नेमलेले, पण वैद्यकीय शाळेला पैसा नाही, असा पेच पडला. सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवू नयेत हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही असे आपण समजतो, पण येथे तेच घडले होते.

या पेचातून वाट काढली ती विद्यापीठाच्या विश्वस्तांच्या मुलींनी. मेरी गॅरेट, केरी थॉमस, एलिझाबेथ किंग आणि मेरी ग्विन यांनी अनेक शहरांत स्त्रियांच्या समित्या स्थापून एक लाख डॉलर जमवले आणि १८९० मध्ये ते देऊ केले. अट एकच होती: स्त्रियांना पुरुषांच्याच अटींवर प्रवेश द्यावा. विश्वस्तांनी अट मान्य केली, पण पाच लाख जमल्याशिवाय शाळा उघडणार नाही असेही ठरवले. या उत्तरात थोडी टाळाटाळ नव्हती असे आम्हाला म्हणवत नाही. दोन वर्षांनी, १८९२ च्या अखेरीस, मेरी गॅरेट यांनी उरलेले ३,०६,९७७ डॉलर एकटीने देऊन टाकले. गंमत म्हणजे त्यांचे वडील त्याच बाल्टिमोर अँड ओहायो कंपनीचे अध्यक्ष होते. रेल्वेमुळे बुडालेली शाळा रेल्वेच्याच पैशाने तरली.

या वेळी गॅरेट यांनी आणखी एक अट घातली. विद्यार्थी पदवीधर असावा, त्याने भौतिकी, रसायन, जीवशास्त्र शिकलेले असावे आणि त्याला फ्रेंच व जर्मन यावे. एवढी कडक अट तेव्हा कोणत्याही अमेरिकन वैद्यकीय शाळेत नव्हती. आपण प्राध्यापक म्हणून आत आलो हे बरे झाले, विद्यार्थी म्हणून आपल्याला प्रवेश मिळाला नसता, असे ऑस्लर वेल्चना थट्टेने म्हणाल्याचे सांगतात. ऑक्टोबर १८९३ मध्ये शाळा सुरू झाली. पहिल्या वर्गात अठरा विद्यार्थी होते, त्यांत तीन स्त्रिया.

हे वाचताना आपल्याला आनंदीबाई जोशी आठवल्याशिवाय राहणार नाहीत. बाल्टिमोरपासून फार लांब नसलेल्या फिलाडेल्फियात त्यांनी १८८६ मध्ये वैद्यकीय पदवी घेतली, ती केवळ स्त्रियांसाठी काढलेल्या महाविद्यालयातून. त्यानंतर सातच वर्षांनी बाल्टिमोरचे दार उघडले.

१९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. शिक्षकांनी लक्षात ठेवावे असे हे नाव आहे, कारण फ्लेक्सनर डॉक्टर नव्हते. लुईव्हिल गावात स्वतःची शाळा चालवणारे शिक्षक होते आणि हॉपकिन्स विद्यापीठाचे पदवीधर होते. कार्नेगी प्रतिष्ठानतर्फे त्यांनी अमेरिका व कॅनडातील १५५ वैद्यकीय शाळांचा अहवाल तयार केला. प्रवेशाची अट काय, शिक्षक किती व कसे, पैसा निधीतून येतो की फीमधून, प्रयोगशाळा कशा, रुग्णालयाशी संबंध काय, एवढेच ते पाहत. तुलनेचा नमुना अर्थातच हॉपकिन्सचा. फीवर चालणाऱ्या शाळा पुढील काही वर्षांत भराभर बंद पडल्या. त्यांत पुष्कळ टाकाऊ होत्या हे खरे. पण सात कृष्णवर्णीय वैद्यकीय शाळांपैकी पाचही त्यांतच गेल्या, हॉवर्ड आणि मेहारी या दोनच उरल्या. ज्यांच्यामागे धनिक देणगीदार नव्हते, त्यांना दर्जाची ही नवी पायरी चढता आली नाही. अहवालाची वाहवा करताना हा भाग बहुधा गाळला जातो.

आता प्रश्न उरला शिक्षकाच्या वेळेचा. प्रयोगशाळेतील विषयांचे प्राध्यापक पूर्णवेळ होते, पण वैद्यक आणि शस्त्रक्रिया शिकवणारे खाजगी व्यवसायही करीत. १९११ मध्ये फ्लेक्सनर यांनी याच गोष्टीवर हॉपकिन्सला दोष दिला. १९१३ मध्ये रॉकफेलर यांच्या पैशावर चालणाऱ्या सर्वसाधारण शिक्षण मंडळाने १५ लाख डॉलर दिले ते या अटीवर, की वैद्यक, शस्त्रक्रिया आणि बालरोग या विभागांचे प्रमुख पूर्णवेळ असतील आणि खाजगी रोग्यांची फी त्यांच्या खिशात न जाता संस्थेत जमा होईल. तोवर ऑक्सफर्डला गेलेल्या ऑस्लर यांनी या कल्पनेला कडाडून विरोध केला होता. बाहेरच्या रोग्यांशी, साध्या डॉक्टरांशी संबंध तुटलेला शिक्षक स्वतःच्या संशोधनातच गुरफटेल, अशी त्यांना भीती वाटे. ती अगदीच खोटी ठरली असे आम्हाला वाटत नाही. वैद्यकाचे प्राध्यापक बार्कर यांनी पूर्णवेळ पद नाकारले. त्यांच्या जागी आलेल्या थिओडोर जेनवे यांनी उत्पन्न पुरत नाही म्हणून १९१७ मध्ये राजीनामा दिला. पुढे मंडळाने ही अट सैल केली.

आपल्याकडे मुंबईत हाच प्रश्न दुसऱ्या अंगाने आला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्राध्यापकांच्या जागा प्रामुख्याने इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील, म्हणजे बहुधा इंग्रज, अधिकाऱ्यांकडे जात. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी नव्या महाविद्यालयाला देणगी दिली, ती सर्व शिक्षक सरकारी नोकरीत नसलेले पात्र भारतीयच असावेत, या अटीवर. त्यातून १९२६ साली परळला त्यांच्या नावाचे महाविद्यालय आणि किंग एडवर्ड स्मारक रुग्णालय उभे राहिले. डॉ. जीवराज मेहता त्याचे पहिले अधिष्ठाता. देणगीने वास्तू उभी राहिली, तरी दरवर्षीचा खर्च महानगरपालिकेने, म्हणजे करदात्या मुंबईकरांनी, उचलला. शिक्षकांचा प्रश्न मानद पद्धतीने सुटला. शहरातील नामवंत डॉक्टर सकाळी वॉर्डात रोगी तपासत, विद्यार्थ्यांना शिकवत आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या दवाखान्यातून पोटापाण्याचे पाहत. ऑस्लरना ही व्यवस्था पसंत पडली असती. पुढे पूर्णवेळ शिक्षकांचे प्रमाण वाढत गेले, आणि खाजगी व्यवसाय न करण्याबद्दल त्यांच्या पगारपत्रकात एक वेगळी रक्कम दिसू लागली. तिला सरकारी मराठीत 'व्यवसायरोध भत्ता' म्हणतात.