कलम नऊ, कलम चौदा आणि एक बैल

नेदरलँड्समधल्या विद्यापीठांनी प्राण्यांवरचे प्रयोग कसकसे नियमांत बांधून घेतले, हे कळायला तिथल्या पुढाऱ्यांची भाषणं फारशी उपयोगी पडत नाहीत. त्यासाठी कायद्याचा मूळ मजकूर, त्यातल्या दुरुस्त्या आणि दरवर्षी निघणारे तक्ते शेजारी शेजारी ठेवून वाचावे लागतात. या मजकुराला भावना नाही, पण कुठल्या वर्षी कोणाच्या सदसद्विवेकाला कुठे टोचलं, ते त्यातून बऱ्यापैकी ठरवता येतं.

मुख्य कागद म्हणजे १२ जानेवारी १९७७ चा प्राणिप्रयोग कायदा. त्याआधीची मागणी मात्र फार जुनी. जिवंत प्राण्यांची चिरफाड थांबावी म्हणून हेगमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक संघटना स्थापन झाली होती, आणि तिचीच वारस असलेली संस्था आजही काम करते आहे. मागणी आणि कायदा यांत कित्येक दशकं गेली.

१९७७ च्या मजकुरात परवाना संस्थेला मिळतो. कलम नऊ सांगतं की प्रयोग करणारी व्यक्ती त्यासाठी शिकलेली असली पाहिजे. कलम चौदा संस्थेत एक माणूस नेमायला लावतं, ज्याचं काम प्राण्यांच्या हालअपेष्टांवर लक्ष ठेवणं. डच प्रयोगशाळांत या दोन आकड्यांवरून माणसं ओळखली जाऊ लागली: हा ‘कलम नऊ’वाला, तो ‘कलम चौदा’वाला. पण मला सर्वांत वजनदार वाटतं ते कलम दहा. जे उद्दिष्ट प्राण्यांवाचून साधता येईल, किंवा कमी प्राणी वापरून, कमी त्रास देऊन साधता येईल, त्यासाठी असा प्रयोग करायलाच या कलमाने मनाई केली. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या दोन इंग्रज संशोधकांनी १९५९ मध्ये एका ग्रंथात पर्याय शोधा, संख्या घटवा, वेदना कमी करा ही त्रिसूत्री मांडली होती. डच कायद्याने तिला मनाईचं रूप दिलं.

इथे भारताचा उल्लेख करायलाच हवा. आपला प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा, म्हणजे डच कायद्याहून १७ वर्षं आधीचा. प्रयोग शक्य तिथे टाळावेत, मोठ्या प्राण्याऐवजी लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा वापरू नये, ही अपेक्षा त्याच्या सतराव्या कलमात लिहिलेली आहे. पण प्राण्यांच्या पैदाशीवर आणि प्रयोगांवर देखरेख ठेवणारे सविस्तर नियम यायला १९९८ उजाडलं. चांगलं वाक्य आधी लिहून ठेवण्याने प्राण्याचं दुखणं कमी होत नाही. ते वाक्य अमलात आणणारी माणसं तयार करावी लागतात.

नेमकं तेच डचांनी केलं. उट्रेख्ट विद्यापीठात १९८३ साली प्रयोगप्राणिशास्त्राचं अध्यासन सुरू झालं. तिथले प्राध्यापक व्हान झुट्फेन आणि सहकाऱ्यांनी संपादित केलेलं १९९३ चं पाठ्यपुस्तक अनेक देशांत वापरलं गेलं. ज्याला प्रयोग करायचा आहे त्याने आधी अभ्यासक्रम पुरा करावा, ही अट ऐंशीच्या दशकात रुजली. वार्षिक नोंदणीच्या अर्जात प्राण्याला किती त्रास झाला याचा रकाना होता, आणि त्यात किरकोळपासून अतितीव्रपर्यंत सहा पायऱ्या होत्या. संशोधकाला त्यातली एक निवडावी लागे. या सक्तीचं मोल मला फार वाटतं. उंदराच्या वेदनेला क्रमांक द्यायचा तर त्याच्याकडे निदान एकदा तरी नीट पाहावं लागतं.

तरीही १९७७ चा कायदा ‘कोणी आणि कसा करावा’ एवढ्यावरच प्रामुख्याने थांबत होता. ‘मुळात करावा का’ हा प्रश्न टोकदार झाला तो एका बैलामुळे. १६ डिसेंबर १९९० रोजी जन्मलेला हर्मन हा माणसाचं जनुक घातलेला जगातला पहिला बैल. त्याच्या वंशातल्या गाईंच्या दुधात मानवी लॅक्टोफेरिन उतरावं, हा लायडनच्या एका कंपनीचा हेतू. वाद इतका पेटला की प्रश्न संसदेपर्यंत गेला आणि उट्रेख्टचे नीतिशास्त्रज्ञ एखबर्ट स्क्रोटन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. प्राण्यांच्या जनुकीय बदलाबाबत ‘नाही, सबळ कारण असल्याखेरीज नाही’ हे धोरण याच वादातून पुढे आलं. प्रयोग आटोपल्यावर हर्मनला नियमाप्रमाणे मारायचं होतं. लोकांनी ते होऊ दिलं नाही. त्याचं खच्चीकरण झालं, लायडनच्या नॅचरॅलिस संग्रहालयात त्याला गोठा मिळाला, आणि २ एप्रिल २००४ रोजी, सांधेदुखीने असह्य झाल्यावर, त्याला शांतपणे मरण देण्यात आलं. त्याची कातडी भरून संग्रहालयात ठेवली आहे. इतिहासाच्या साधनांत मी तीही धरतो.

१९९६ ची दुरुस्ती याच काळातली. प्राण्याला माणसाच्या उपयोगापलीकडे स्वतःचं मूल्य आहे, हे तिने कायद्यात घातलं, आणि प्रत्येक प्रयोगाआधी नीतिसमितीचा विचार सक्तीचा केला. काही विद्यापीठांत अशा समित्या आधीच स्वखुशीने चालू होत्या, त्यामुळे कायदा इथे विद्यापीठांच्या मागून आला असं म्हणणं न्याय्य आहे. समितीचा अध्यक्ष संस्थेचा नोकर नसावा ही अट मला फार शहाणपणाची वाटते. एकाच कँटीनमध्ये जेवणाऱ्या सहकाऱ्याच्या अर्जाला ‘नाही’ म्हणणं अवघड असतं.

युरोपीय संघाचा २०१० चा निर्देश १८ डिसेंबर २०१४ पासून डच कायद्यात उतरला. तेव्हापासून अंतिम परवाना मध्यवर्ती आयोग देतो, नीतिसमित्या त्याला सल्ला देतात, आणि प्रत्येक संस्थेत प्राणिकल्याण मंडळ असतं. प्रत्येक प्रकल्पाचा सामान्य वाचकाला समजेल असा सारांश प्रसिद्ध करावा लागतो. त्यात संशोधकाचं नाव नसतं, पण अपेक्षित लाभ, होणारी हानी आणि प्राण्यांची संख्या असते. करदात्याच्या पैशातून होणाऱ्या कामाचा एवढा हिशेब तरी उघडा असायलाच हवा.

आता तक्त्यांकडे. १९७८ मध्ये नोंदलेले प्रयोग पंधरा लाखांच्या वर होते. अलीकडच्या वर्षांत आकडा पाच लाखांच्या आसपास आहे. उतार मोठा आहे आणि तो खरा आहे. पण याच अहवालांत आणखी एक रकाना आहे, ‘साठ्यात मेलेले’. प्रयोगांसाठी पैदास केलेले, पण वापरलेच न गेलेले प्राणी त्यात मोजतात, आणि तेही लाखांतच भरतात. ठरावीक जनुक असलेले ठरावीक लिंगाचे उंदीर हवे असले की त्यांच्याबरोबर नको असलेली पिल्लंही जन्मतात, आणि ती मारली जातात. कलम दहाच्या अर्थाने पाहिलं तर त्यातल्या बहुतेकांवर प्रयोग झालेलाच नसतो. त्यामुळे नीतिसमितीच्या टेबलावर अर्ज येतो तेव्हा लाभ-हानीच्या हिशेबात त्यांची बाजू मांडणारं बहुधा काही नसतं. वर्ष संपल्यावर ती फक्त बेरजेत दिसतात.