चाकोरीच्या वर वीतभर

आमच्या वऱ्हाडात सगळ्या बैलगाड्यांना एक नाव कधीच नव्हते. कापूस, शेणखत, तुराट्या वाहायची ती बंडी. माणसांना बसवून न्यायची ती रेंगी किंवा दमणी. अंगाने हलकी, बैलही निवडक, दुडक्या चालीचे. लेकीला माहेरी आणायचे तर दमणी जुंपली जाई. पण बंडी आणि दमणी दोन्ही दारात असलेली घरे बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या धाडसारख्या गावातही मोजकीच. बाकीच्यांनी काय करावे? बंडी झाडून घ्यावी, तीत कडबा पसरावा, वर घोंगडी टाकावी आणि सुनेला त्यातच बसवावे. मालाच्या गाडीत माणसाची बैठक. ज्या मोटारीला आज क्रॉसओव्हर म्हणतात, तिची मूळ कल्पना मला त्या घोंगडीत दिसते.

दुसरी गोष्ट चाकाची. काळ्या मातीत पावसाळाभर गाड्या गेल्या की दोन खोल चाकोऱ्या पडतात आणि मधे मातीचा उंचवटा उरतो. उन्हाळ्यात तो दगडासारखा वाळतो. बंडीचे चाक मोठे, तिचा आख उंच, म्हणून उंचवटा तिला कधी अडला नाही. मोटार आली तेव्हा तिचे पोट मात्र त्याला घासू लागले. गाडी किती आलिशान आहे यापेक्षा ती त्या उंचवट्यावरून जाते का, हा आमच्याकडचा पहिला प्रश्न होता, आणि पुढचा सगळा इतिहास त्याच प्रश्नाने घडवला असे माझे मत आहे.

क्रॉसओव्हरची एक पूर्वज म्हणजे स्टेशन वॅगन, आणि या नावातच तिचा जन्म आहे. अमेरिकेत रेल्वेच्या डेपोवर उतरलेले प्रवासी आणि त्यांच्या पेट्या हॉटेलात पोचवायला लाकडी सांगाड्याच्या गाड्या असत. फोर्डच्या मॉडेल टी च्या चेसिसवर सुतारांनी असे सांगाडे चढवले. १९२९ मध्ये फोर्डने स्वतःच अशी गाडी विकायला काढली. आता धाडचे पाहा. इथे रेल्वे नाही. जिल्ह्याचे ठिकाण बुलढाणा, तिथेही नाही. गाडी धरायची तर एकीकडे मलकापूर, दुसरीकडे जालना. खामगाव-जालना रेल्वेची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे आणि रूळ अजून दिसलेले नाहीत. जिथे स्टेशनच नाही तिथे स्टेशनची गाडी कशी रुजणार?

शिवाय धाड हे सीमेवरचे गाव. अलीकडे इंग्रजी अमलातला वऱ्हाड, पलीकडे भोकरदन म्हणजे निजामाचे राज्य, आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी ‘मोगलाई’. १९५६ च्या नोव्हेंबरात दोन्ही बाजू एकाच मुंबई राज्यात आल्या. मिरचीची पोती, सोयरीक, सैलानीची यात्रा, सगळे या सीमेच्या आरपार चालत आले. या वाहतुकीला हवी होती ती उंच, दणकट आणि कशालाही नाही न म्हणणारी गाडी. ती आली युद्धावरून.

१९४० मध्ये अमेरिकी सैन्याने हलक्या टेहळणी गाडीची मागणी काढली, त्यातून विलीज कंपनीची जीप तयार झाली. लुधियानाच्या महिंद्रा बंधूंनी मलिक गुलाम महंमद यांच्याबरोबर १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड महंमद’ कंपनी काढली. गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. दशक संपता संपता मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू झाली. पुढे ही जीप तहसीलदार, कृषी खाते, पाटबंधारे यांच्यामार्फत गावात शिरली. धुराळा उडाला की साहेब आला हे कळायचे.

त्याच विलीजने १९४६ मध्ये जीपचीच पत्र्याची स्टेशन वॅगन काढली होती. ब्रुक्स स्टीव्हन्स या रचनाकाराने तिचा पत्रा असा दाबला आणि रंगवला की लाकडी पट्ट्यांचा भास व्हावा. स्टेशन वॅगन आणि एसयूव्ही या दोन वंशांची ही सोयरीक. पुढच्या पन्नास वर्षांचे सगळे नातेसंबंध तिच्यात सापडतात.

आमच्याकडे या वंशाचा खरा कर्ता पुरुष म्हणजे काळी-पिवळी. महिंद्राची कमांडर आणि मार्शल, बजाज टेम्पोची ट्रॅक्स. मी लहानपणी बुलढाण्याला गेलो तो बहुतेक वेळा मागच्या आडव्या बाकावरून, समोरच्याच्या गुडघ्यात गुडघे अडकवून. परवाना किती माणसांचा हे कोणी विचारत नसे. टपावर मिरचीची पोती, मागच्या फाळक्यावर उभी पोरे, ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एकजण टेकलेला. खाली कमानपाटे, त्यामुळे प्रत्येक खड्डा मणक्यापर्यंत पोचे. बाळंतीण याच गाडीतून गेली, वऱ्हाड याच गाडीतून गेले, प्रेतही याच गाडीतून घरी आले. एसटी दिवसातून ठरलेल्या वेळी येई, काळी-पिवळी भरली की निघे. आमची रेल्वे हीच होती, आणि तिच्याबद्दल मला अतोनात कृतज्ञता आहे. तिच्या अपघातांत गेलेली माणसेही मी विसरलेलो नाही.

पैसेवाल्यांसाठी वेगळी वाट पुण्यातून निघाली. टेल्कोने १९९१ मध्ये सिएरा आणली, १९९२ मध्ये टाटा इस्टेट. इस्टेट म्हणजे उघडउघड स्टेशन वॅगन. लांब, देखणी, आणि आमच्या रस्त्यांवर क्वचितच दिसलेली. त्याआधी कुर्ल्याच्या प्रीमियरने फियाटची ‘सफारी’ वॅगन करून पाहिली होती, नंतर मारुतीची बलेनो अल्टुरा आली, टाटांची इंडिगो मरिना आली. एकही टिकली नाही. लोक म्हणतात, भारतीयांना मागे लांब शेपूट असलेली गाडी आवडत नाही. मला हे कारण वरवरचे वाटते. त्यांतल्या बहुतेक गाड्यांचे पोट साध्या मोटारीइतकेच खाली होते. सामानाला जागा मिळाली, चाकोरीला उत्तर मिळाले नाही.

ते उत्तर १९९४ च्या सुमोने दिले. टेल्कोचे प्रमुख राहिलेले सुमंत मूळगावकर यांच्या नावातली पहिली अक्षरे घेऊन ठेवलेले नाव. मागे समोरासमोर बाके, म्हणजे काळी-पिवळीचीच बैठक, पण घरच्या मालकीची. मग १९९८ ची सफारी, २००० ची बोलेरो, २००२ ची स्कॉर्पिओ. या सगळ्या चेसिसवर बॉडी बसवलेल्या, म्हणजे मुळात बंडीच्या कुळातल्या.

दमणीचे कूळ तिकडे जपानात वाढत होते. टोयोटाने १९९४ मध्ये आरएव्ही४ आणली. तिला वेगळी चेसिस नाही, मोटारीसारखा एकसंध सांगाडा. उंची जीपची, चाल मोटारीची: हीच क्रॉसओव्हर. १९९८ मध्ये लेक्सस आरएक्सने त्यावर कातडी आसने आणि शांतता चढवली. आलिशान क्रॉसओव्हर रूढ झाली ती इथून. अमेरिकेत स्टेशन वॅगन मागे पडण्यात इंधनाच्या कायद्याचाही हात होता: १९७५ नंतर मोटारींना कडक नियम लागले, हलक्या ट्रकांना सौम्य, आणि एसयूव्ही ट्रकात मोडत असे.

आपल्याकडेही कायद्याने गाडीला आकार दिला. २००६ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाडीला करसवलत मिळाली आणि आखूड शेपटीच्या उंच गाड्यांचे पीक आले. जुलै २०२३ मध्ये जीएसटी परिषदेने जादा अधिभारासाठी एसयूव्ही या नावाचा वादच मिटवला. गाडीला काहीही म्हणा. लांबी चार मीटरच्या वर, इंजिन १५०० सीसीच्या वर आणि रिकाम्या गाडीच्या पोटाखाली १७० मिलिमीटर किंवा जास्त जागा असली की तेव्हा पुरे होते. चाकोरीतला उंचवटा अखेर सरकारी मोजमापात आला.

आज सफारी नाव तेच आहे, पण २०२१ पासून तिच्याखाली वेगळी चेसिस नाही. आणि धाडहून शंभरेक किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात, ऑडीच्या क्यू५, क्यू७ची जुळणी होते. ज्या तालुक्यांतली माणसे फाळक्यावर लोंबकळत गेली, तिथली पोरे त्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात.

मागच्या दिवाळीत चुलतभावाला अशीच एक क्रॉसओव्हर घ्यायची म्हणून आम्ही शहरातल्या शोरूममध्ये गेलो. काका बरोबर होते; आयुष्यभर बंडी हाकलेले, सत्तरीतले. विक्रेता काचेचे छत उघडून दाखवत होता. काका गुडघ्यावर बसले, हात गाडीखाली घातला, अंगठा फरशीला टेकवला आणि वीत उभी केली. करंगळी पत्र्याला आधीच लागली.

‘वीतभर बी नाही बाप्पू,’ ते म्हणाले, ‘मळ्यात कशी येईल?’

भावाने माझ्याकडे पाहिले. मग तोही खाली वाकला.