दोन बादल्या आणि एक अख्खी जात

१८ ऑगस्ट १९६९ ही तारीख कुठल्या क्रमिक पुस्तकात सापडायची नाही. त्या दिवशी कॅलिफोर्नियातल्या एका पाणथळीतून एक सरकारी नोकर दोन्ही हातांत एकेक बादली धरून जपून पावलं टाकत चालला होता. बादल्यांत मासे होते. त्या जातीचे जगात उरलेले जवळजवळ सगळेच!

पण मंडळी, आधी मागची हकीकत सांगायला हवी. सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्वेला ओवेन्स नदीचं खोरं आहे. पाऊस जेमतेम, पण डोंगरावरचं बर्फ वितळलं की नदीला आणि पाणथळींना भरपूर पाणी. तिथे राहतो ओवेन्स पपफिश. लांबी फार तर दोन इंच. कुत्र्याच्या पिल्लांनी एकमेकांमागे धावावं तसे हे धावतात, म्हणून 'पप'. या खोऱ्याबाहेर हा मासा मुळात कुठेच नव्हता, पण खोऱ्यात इतका होता की पायूट लोक तो उपसून, वाळवून हिवाळ्याची बेगमी करत.

मग आलं लॉस एंजेलिस. वाढत्या शहराला पाणी हवं होतं. शहराने खोऱ्यातल्या जमिनी आणि पाण्याचे हक्क विकत घेतले आणि १९१३ साली सुमारे ३७५ किलोमीटरचा कालवा सुरू झाला. वाटेत पंप एकही नाही, सगळं पाणी उताराने जातं. विल्यम मुलहॉलंड या इंजिनियरच्या अकलेला दाद द्यावीच लागेल. पण दहा-पंधरा वर्षांत ओवेन्सचं मोठं सरोवर कोरडं पडलं. १९२४ मध्ये चिडलेल्या लोकांनी कालव्याला सुरुंग लावला. ज्याच्या बांधाजवळून दुसऱ्याचं पाणी वाहतं त्याला हा राग समजावून सांगायला नको. माशाच्या वतीने मात्र कोणी बोललं नाही. त्यात भर म्हणून गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींसाठी बास आणि ट्राउट आणून सोडलेले. ते या चिमुकल्यांना गिळत. १९४८ साली रॉबर्ट रश मिलर यांनी या माशाला शास्त्रीय नाव दिलं, तेव्हा तो नामशेष झाला असंच ते धरून चालले होते. बारसं आणि तेरावं एकदमच म्हणायचं!

जुलै १९६४ मध्ये मिलर, त्यांचे गुरू (आणि सासरेही) कार्ल हब्स आणि राज्याच्या मत्स्यखात्यातले फिल पिस्टर हे तिघं बिशप गावाजवळच्या फिश स्लू नावाच्या पाणथळीत शोधायला गेले. आणि मासा सापडला! आता त्याच्यासाठी सुरक्षित तळं बांधायचं ठरलं. पण पाच वर्षांनी, ऑगस्टच्या उन्हात झऱ्याचं पाणी कमी होऊन मासे होते ते डबकंच आटायला लागलं. पिस्टर आणि सहकाऱ्यांनी घाईघाईने सुमारे आठशे मासे पकडून जवळच्या वाहत्या पाण्यात जाळीच्या पिंजऱ्यांत ठेवले. सहकारी जेवायला गेले. पिस्टर सहज बघायला वळले, तर पिंजऱ्यांतून पाणी पुरेसं खेळत नव्हतं आणि मासे मरू लागले होते. त्यांनी उरलेले मासे दोन बादल्यांत भरले आणि दुसऱ्या जागी निघाले. वाटेत काटेरी तार, उंदीर-घुशींची बिळं. पाय अडखळला असता तर हजारो वर्षांची वंशावळ वाळूत सांडली असती. हे आपल्या तेव्हाच ध्यानात आलं आणि भीती वाटली, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे.

मला विशेष वाटतं ते याचं, की तोपर्यंत पिस्टर यांचं नेहमीचं काम होतं ते गळ टाकणाऱ्यांना ट्राउट पुरवण्याचं. म्हणजे या माशाच्या शत्रूंना पोसण्याचं! त्याच साली त्यांनी वाळवंटी माशांसाठी झटणारी संस्था उभी केली. असल्या माशाचा उपयोग काय, असं कोणी विचारलं की ते उलट विचारत, तुमचा काय उपयोग? उत्तर उद्धट आहे खरं, पण मला आवडलं.

पिस्टर २०२३ मध्ये गेले, वयाच्या नव्वदीनंतर. ओवेन्स पपफिश आहे, खोऱ्यातल्या मोजक्या जागी, सरकारच्या संकटग्रस्त यादीत. त्याच्या तळ्यांतलं पाणगवत काढत राहावं लागतं, आणि कुठून तरी शिरलेले बासही.