मोज्यांचे ४ गुण

१९६९ साली बॉस्टनचे शल्यविशारद विल्यम हॅरिस यांनी खुब्याच्या शस्त्रक्रियेचा निकाल मोजायला १०० गुणांची पट्टी मांडली. वेदनेला ४४, चालण्या-वावरण्याला ४७. त्यातले पायमोजे-बूट सहज घालण्याला ४, आणि बसमध्ये चढण्याला तर एकच!

पण सांधा बदलल्यानंतर वॉर्डातल्या सिस्टरचे कित्येक दिवस त्या ४ गुणांतच जातात. खुबा काटकोनापलीकडे वाकवायचा नाही, झोपताना पायांमध्ये उशी, मोजा लांब दांडीच्या साधनाने चढवायचा. ‘सिस्टर, तुम्हीच घाला ना,’ म्हणणाऱ्यासमोर हात आवरून उभं राहणं, हे मला शुश्रूषेतलं सर्वांत अवघड काम वाटतं.

आपल्याकडचा रुग्ण मात्र आधी विचारतो, ‘मांडी घालता येईल का?’ हॅरिस यांच्या पट्टीत त्याला रकानाच नाही.