बोरूचा मुदीफ आणि सत्तेचे बांध

मुस्लिम जगातील वास्तुकला म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर घुमट, मिनार आणि किल्ले येतात. मला मात्र एका अशा इमारतीविषयी लिहायचे आहे, जिच्यात दगड नाही, वीट नाही, खिळाही नाही. दक्षिण इराकमध्ये दजला आणि फुरात या नद्यांच्या दलदलीत बांधला जाणारा 'मुदीफ', म्हणजे टोळीचे अतिथिगृह. पाहुणा इथेच उतरतो आणि टोळीतले तंटेही इथेच मिटतात.

दलदलीत पायाला जमीनच नसते. म्हणून तिथले लोक आधी जमीन तयार करतात. उथळ पाण्यात बोरूचे कुंपण घालायचे, आत बोरू आणि चिखलाचे थर दाबत जायचे, खचले की नवा थर चढवायचा. मुदीफसाठी बोरूच्या जाड मोळ्या समोरासमोर रोवतात आणि शेंडे वाकवून एकमेकांना बांधतात, की कमान तयार. वर बोरूच्याच चटया. पाच हजार वर्षांपूर्वीच्या एका सुमेरी दगडी कुंडावर असेच बोरूचे घर कोरलेले आहे. ते कुंड आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. राजधान्या धुळीला मिळाल्या, बोरूची ही विद्या टिकली.

याच मुलखात दुसऱ्या प्रकारचे बांधकामही झाले. अब्बासी काळात बसऱ्याभोवतीची खारट जमीन लागवडीखाली आणण्यासाठी पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडून मिठाचा थर खरवडून घेतला जाई. 869 मध्ये त्यांनी बंड केले. कालव्यांच्या आणि दलदलीच्या आडोशाने ते 14 वर्षे खिलाफतीशी लढले. दलदलीत घोडदळ चालत नाही, हे तेव्हापासून प्रत्येक सत्तेला ठाऊक होते.

1991 चा उठाव चिरडला गेल्यावर अनेक बंडखोर याच दलदलीत शिरले. सद्दाम हुसेनच्या सरकारने बांध घातले, कालवे खोदले आणि नद्यांचे पाणी वळवले. कारण सांगितले शेती सुधारण्याचे. दहा वर्षांत सुमारे 90 टक्के दलदल सुकली आणि लाखो माणसे परागंदा झाली. राज्यकर्ता मुसलमान, उजाडलेले लोकही मुसलमान. आपल्या इतिहासातली ही पाने आपणच वाचली पाहिजेत. दुसऱ्याने वाचून दाखवण्याची वाट पाहू नये.

2003 मध्ये सद्दामची सत्ता कोसळताच लोकांनी स्वतः बांध फोडले. पाणी आले, पाठोपाठ बोरू उगवला, काही कुटुंबे म्हशी घेऊन परतली. 2016 मध्ये युनेस्कोने या दलदलीला जागतिक वारशाचा दर्जा दिला. पण नद्यांच्या वरच्या भागातली धरणे आणि दुष्काळ यांमुळे ती आज पुन्हा आटते आहे.

दलदलीत बांधूच नये, असे माझे म्हणणे नाही. तिथे माणसांनी हजारो वर्षे बांधले आहे. एखादे बांधकाम पाण्याला जागा ठेवून उभे राहते की पाण्याला हुसकावून, एवढे पाहावे. पाणी हुसकावले गेले तेव्हा त्याच्या आधाराने जगणारी माणसेही हुसकावली गेली, असे इराकचा इतिहास सांगतो. म्हणून दलदलीला 'पडीक जमीन' म्हणणारा कागद समोर आला, तर तिथे कोण राहते हे आधी विचारावे.