नांगराच्या फाळाचें अंतरंग

इ. स. १९१० मध्यें लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं औंध संस्थानांतील कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना हलविला. तीच आज पलूस तालुक्यांतील किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगरानें जमीन नासते, ही शेतकऱ्यांची समजूत पुढें फार गाजली. आम्हांस मात्र ओतशाळेंतील अडचण अधिक बिकट वाटते. ओतीव रस सावकाश निवाला कीं त्यांत ग्रॅफाइट सुटतें व फाळ मऊ पडून लवकर झिजतो. झटकन् निवाला कीं कार्बाइड बनून तो कठीण, पण ठिसूळ होतो. त्यांतच वायु कोंडला, तर वरून धडधाकट दिसणारा फाळ ऐन नांगरटींत खडकावर मोडावयाचा! हल्लीं टंगस्टन कार्बाइडाचे कठीण कण निकेलच्या चिवट धातूंत बसवितात. छिद्रांची धास्ती तेथेंहि सुटलेली नाहीं.