पक्षाघात : निदान आधी, उपचार नंतर

पक्षाघाताचा झटका मेंदूतल्या पोकळ्यांत कफ साचल्याने येतो, हे गॅलेनचे मत युरोपात शतकानुशतके टिकले. स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेनचा वैद्य योहान याकोब वेप्फर याने झटक्याने दगावलेल्यांचे मेंदू उघडले, तेव्हा त्याला तिथे रक्तस्राव होऊन साकळलेले रक्त दिसले. 1658 साली त्याने हे प्रसिद्ध केले आणि मेंदूचा रक्तपुरवठा अडल्यानेही झटका येऊ शकतो, असे मांडले. 1664 मध्ये थॉमस विलिसने मेंदूच्या तळाशी धमन्यांचे कडे दाखवले. त्याने तपासलेल्या एका शवात मानेतून मेंदूकडे जाणारी एक धमनी जवळजवळ बंद होती, तरी त्या माणसाला झटका आला नव्हता. दुसरी धमनी रुंदावून तिने रक्त पुरवले होते.

या ज्ञानाने तीन शतके एकही रोगी वाचला नाही, असा आक्षेप घेता येईल. पण झटका गुठळीने आला की रक्तस्रावाने, हे आधी कळावे लागते, कारण गुठळी विरघळवणारे औषध रक्तस्रावात घातक ठरते. 1971 मध्ये सीटी स्कॅन आले आणि जिवंत रोग्यात हा फरक दिसू लागला. म्हणूनच 1995 मध्ये हे औषध पहिल्या तीन तासांत उपयोगी ठरल्याचे सिद्ध करता आले. वेप्फरची ती पाहणी आजच्या उपचाराचा पाया आहे. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रोग्याला थेट स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या.